इव्हेंटिंग आणि घोड्याचा रंग : मैदानात रंगाला गुण नाहीत, मग रंग सांगतो तरी काय?

ऑगस्ट २००४. अथेन्स ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या स्पर्धेचा शेवटचा टप्पा सुरू होता. जर्मनीच्या बेटिना होय ‘रिंगवूड कॉकाटू’ या पांढुरक्या घोड्यावर मैदानात उतरल्या. त्यांनी सुरुवातीची रेषा ओलांडली, एक वळसा घेतला आणि नकळत तीच रेषा पुन्हा ओलांडली. मैदानावरचं घड्याळ दुसऱ्या वेळेला नव्याने सुरू झालं. फेरी संपली तेव्हा वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदकं जर्मनीकडे आहेत असं दिसत होतं. पंचांनी आधी वेळेचे दंडगुण लावले, मग अपिलात ते काढून टाकले. शेवटी प्रकरण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेलं, तिथे दंडगुण कायम झाले आणि वैयक्तिक सुवर्णपदक ब्रिटनच्या लेस्ली लॉ यांना मिळालं. त्यांचा घोडा होता ‘शिअर लो’. तोही पांढुरकाच.

म्हणजे एका पांढऱ्या घोड्याकडून गेलेलं सुवर्ण दुसऱ्या पांढऱ्या घोड्याकडे आलं. घोड्यांच्या बाजारात एखाद्या जाणत्या माणसाने ही गोष्ट ऐकली तर तो लगेच रंगाच्या शुभाशुभावर बोलू लागेल. पण या खेळाच्या नियमावलीत रंगासाठी एकही गुण नाही. काळा, तांबडा, पांढरा, चट्ट्यापट्ट्यांचा, कोणताही घोडा चालतो. तरीही घोड्याची कातडी, त्याचं आतडं आणि त्याचे डोळे यांच्याबद्दल रंग काही गोष्टी नक्की सांगतो. त्या गोष्टी बाजारात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपेक्षा पुष्कळ वेगळ्या आहेत.

इव्हेंटिंग म्हणजे काय?

इव्हेंटिंग हा तीन परीक्षांचा खेळ आहे : ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो-जंपिंग. तिन्ही परीक्षा एकाच स्वाराने एकाच घोड्यावर द्यायच्या असतात. मध्ये घोडा बदलता येत नाही. म्हणून याला घोडेस्वारीतली ‘ट्रायथलॉन’ म्हणतात. ही तुलना अर्धीच खरी आहे, कारण ट्रायथलॉनमध्ये दमणाऱ्या माणसाला आपण का दमतोय हे ठाऊक असतं.

खेळाचा उगम घोडदळात आहे. लष्करी अधिकाऱ्याचा घोडा संचलनात शांत उभा राहिला पाहिजे, रानातून ओढे-खड्डे ओलांडत निरोप पोचवला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला तयार असला पाहिजे, या तीन अपेक्षांच्या या तीन परीक्षा झाल्या. युरोपात कित्येक वर्षं या खेळाला ‘मिलिटरी’ असंच म्हणत. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा फक्त लष्करी अधिकाऱ्यांना भाग घेता येत होता. पहिलं सुवर्ण स्वीडनच्या अक्सेल नॉर्डलांडर यांनी ‘लेडी आर्टिस्ट’ या घोडीवर जिंकलं. ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये पहिली स्त्री उतरायला १९६४ साल उजाडावं लागलं. अमेरिकेच्या लाना ड्यु पाँट टोकियोत उतरल्या आणि सांघिक रौप्यपदक घेऊन परतल्या. वैयक्तिक सुवर्ण एखाद्या स्त्रीला मिळायला त्यानंतर ५७ वर्षं गेली. २०२१ मध्ये, पुन्हा टोकियोतच, जर्मनीच्या यूलिया क्रायेव्स्की यांनी ते मिळवलं.

२००४ पूर्वी दुसऱ्या दिवसाची परीक्षा आणखी लांबलचक असे. क्रॉस-कंट्रीच्या आधी रस्त्यांवरची लांब रपेट आणि स्टीपलचेसची वेगवान दौड करावी लागे. अथेन्स हे या जोडकामाशिवाय झालेलं पहिलं ऑलिंपिक. जुने जाणकार आजही त्याबद्दल हळहळतात.

गुण कसे मोजतात?

इथे गुण मिळत नाहीत, दंड मिळतो. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजेता. हे समजायला भारताच्या फौआद मिर्झा यांची टोकियोतली कामगिरी उत्तम उदाहरण आहे. त्यांचा घोडा होता ‘सेन्योर मेडिकॉट’. हा घोडा पूर्वी अथेन्सच्या गोष्टीतल्या त्याच बेटिना होय यांच्याकडे होता. पुढे त्यांनी मिर्झांना प्रशिक्षणही दिलं.

पहिला दिवस ड्रेसाजचा. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आखीव मैदानात घोड्याने ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमाने करायच्या. दुडकी चाल, वळसे, आडवं सरकणं, निश्चल थांबणं. पंच प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण देतात. सरासरी टक्केवारी १०० मधून वजा केली की उरतो तो दंड. मिर्झा-मेडिकॉट जोडीला जवळपास ७२ टक्के मिळाले, म्हणून दंड २८. त्या वेळी ते नवव्या स्थानावर होते. भारतीय प्रेक्षकांच्या भुवया इथेच उंचावल्या.

दुसरा दिवस क्रॉस-कंट्रीचा. इथे वेळ ठरवून दिलेली असते आणि तिच्यापुढच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंड बसतो. मिर्झांनी एकही अडथळा चुकवला नाही, पण ते २८ सेकंद उशिरा पोचले. २८ गुणिले ०.४ म्हणजे ११.२०. एकूण झाले ३९.२०.

तिसरा दिवस शो-जंपिंगचा. अडथळ्याची एक दांडी पडली की ४ दंड. टोकियोत या दिवशी दोन फेऱ्या होत्या आणि दुसरीसाठी पहिले २५ जणच पात्र ठरत होते. मिर्झांच्या पहिल्या फेरीत ८ दंड झाले, म्हणजे एकूण ४७.२०, आणि ते पात्र ठरले. दुसऱ्या फेरीत १२.४० वाढले. अखेरचा आकडा ५९.६०, स्थान २३ वं. सुवर्ण विजेत्यांपासून हे अंतर मोठं होतं. पण त्या खेळात भारतातर्फे उतरलेले ते एकमेव स्वार होते, आणि याआधीचा भारतीय, इम्तियाज अनीस, २००० साली सिडनीत उतरला होता.

भारताची या खेळातली खरी कमाई आशियाई स्पर्धांमधली आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये ६१ कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं आणि संघानेही सुवर्ण मिळवलं. त्यानंतर घोडेस्वारीतल्या वैयक्तिक पदकासाठी ३६ वर्षं वाट पाहावी लागली. २०१८ साली जकार्तात मिर्झांनी मेडिकॉटवरच रौप्य जिंकलं आणि संघालाही रौप्य मिळालं.

दुसऱ्या दिवसाची भीती

तीन परीक्षांमध्ये खेळाचा जीव आहे तो क्रॉस-कंट्रीत, आणि जीव जातो तोही तिथेच. शो-जंपिंगची दांडी पाय लागला की खाली पडते. क्रॉस-कंट्रीचे अडथळे मात्र ओंडक्यांचे, दगडी भिंतींचे, खंदकांचे, पाण्याचे. ते हलत नाहीत. सर्वोच्च, म्हणजे पंचतारांकित स्पर्धेत भरीव अडथळा १.२० मीटरपर्यंत उंच असतो. वर झुडपांचा पिसारा असेल तर १.४५ मीटरपर्यंत. वेग मिनिटाला ५७० मीटरच्या आसपास. असं दहा-अकरा मिनिटं चालतं. इंग्लंडमधली बॅडमिंटन ही अशी सर्वांत नावाजलेली स्पर्धा १९४९ पासून भरते. बॅडमिंटनच्या रॅकेटशी तिचा संबंध एवढाच, की त्या खेळालाही याच गावातल्या वाड्याचं नाव मिळालं.

घोड्याने उडी घेताना पुढचे पाय छातीखाली घेतले नाहीत आणि ते वरच्या ओंडक्याला अडकले, तर त्याचं मागचं धड वर उचललं जातं आणि तो कोलांटी खाऊन पलीकडे पडतो. स्वार आधी पडतो आणि त्याच्यावर पाचेकशे किलोंचा घोडा. १९९९ च्या एकाच हंगामात ब्रिटनमध्ये ५ स्वार दगावले. त्यानंतर अडथळ्यांच्या रचनेचा मुळापासून विचार झाला. आता अनेक ओंडके अशा खिळ्यांवर टेकवलेले असतात, की ठरावीक जोराचा धक्का बसला तर खिळा मोडतो आणि ओंडका खाली येतो. घोडा कोलांटीतून वाचतो. बदल्यात स्वाराला ११ दंड. टोकियोत जर्मनीच्या मिखाएल युंग यांचं सुवर्ण याच ११ दंडांनी हुकलं. त्यांच्या ‘चिपमंक’ने ओंडक्याला हलकाच पाय लावला होता. नियम धक्का किती जोराचा होता हे विचारत नाही, खिळा मोडला का एवढंच पाहतो. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच जोडीने अवघ्या २१.८ दंडांवर सुवर्ण जिंकलं.

घोड्याने अडथळ्यापुढे थांबून नकार दिला तर पहिल्यांदा २० दंड. स्वार पडला तर स्पर्धाच संपली. आणि क्रॉस-कंट्रीनंतर सकाळी पशुवैद्यांसमोर घोड्याला दुडक्या चालीने पळवून दाखवावं लागतं. तो किंचितही लंगडला तर शो-जंपिंगला मुकतो, मग आदल्या दिवशी पहिला असला तरी. एवढं करूनही खेळ निर्धोक झालेला नाही. टोकियोत स्वित्झर्लंडच्या ‘जेट सेट’ या घोड्याला दुखापतीनंतर दयामरण द्यावं लागलं.

या साऱ्यात घोड्याचा रंग कुठे येतो? कुठेच नाही. युंग यांना २०१२ आणि २०१६ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवून देणारा ‘सॅम’ गडद तपकिरी होता. इंग्लंडमधली बर्ली स्पर्धा २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीनदा जिंकणारा ‘एव्हबरी’ पांढुरका होता. अथेन्सला वैयक्तिक रौप्य मिळवणारा ‘विन्सम अदांते’ तांबडा. तपकिरी घोडे जास्त जिंकतात असं कुणाला वाटलं तर त्याचं कारण इतकंच, की खेळात तपकिरी घोडेच जास्त असतात.

कुमैत, सुरंग, मुश्की, सब्जा

मराठीत घोड्यांच्या रंगांची नावं गाईबैलांच्या रंगांपेक्षा निराळी आहेत. अंग तपकिरी आणि आयाळ, शेपटी, पायांची टोकं काळी, तो कुमैत. अंग तांबडं आणि आयाळही तांबडी, तो सुरंग. पूर्ण काळा तो मुश्की. पांढुरका, राखी तो सब्जा. पांढरे मोठे चट्टे असलेला अबलख. यातले बरेच शब्द अरबी-फारसी आहेत. कुमैत आणि अबलख अरबीतून आले, मुश्की हा कस्तुरीच्या फारसी नावावरून. दख्खनच्या फौजांना घोडे इराण-अरबस्तानातून येत, आणि व्यापाऱ्यांबरोबर त्यांचे शब्दही आले. बखरींमध्ये आणि पागेच्या जमाखर्चात घोड्याची ओळख अशाच शब्दांनी दिलेली दिसते.

काही नावं रंगाबरोबर नशीबही सांगतात. चार पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी. सगळा पांढरा पण कान काळे तो श्यामकर्ण, अश्वमेधाचा घोडा. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही घोड्यांच्या लक्षणांचा विचार आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे आजही गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहतं, चाल पाहतं, आणि रंग व अंगावरचे भोवरेही पाहतं. गुलाबी कातडीचा शुभ्र ‘नुकरा’ लग्नाच्या वरातीसाठी मोलाचा मानला जातो. इंग्रजी मुलखातही यापेक्षा शहाणपण आहे असं नाही. तांबडी घोडी तापट असते, पांढरं खूर ठिसूळ असतं, हे तिथले पिढ्यान्‌पिढ्यांचे समज. खुराच्या रंगावरून त्याची मजबुती ठरते याला आधार नाही. तांबड्या घोडीचा तापटपणाही रंगाच्या माथी मारता येईल असं दिसलेलं नाही.

रंग ठरतो कसा?

घोड्याच्या केसात दोनच रंगद्रव्यं असतात, एक काळं आणि एक तांबडं. बाकी सारा पसारा त्या दोघांचं प्रमाण, जागा आणि फिकेपणा यांचा.

पहिला निर्णय ‘एमसी१आर’ नावाचं जनुक घेतं. ते चालू असेल तर शरीर काळं रंगद्रव्य बनवू शकतं. आईकडून आणि बापाकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर काळं बनतच नाही आणि घोडा सुरंग होतो. म्हणून सुरंग घोडा आणि सुरंग घोडी यांचं शिंगरू सुरंगच्या वाटेनेच जाणार. त्याच्यात काळी आयाळ येणार नाही. विकणाऱ्याने दोन सुरंग घोड्यांच्या पोटी कुमैत शिंगरू झाल्याचं सांगितलं, तर आईबापांपैकी एकाचं नाव खोटं आहे असं बेलाशक समजावं.

दुसरा निर्णय ‘अगौटी’ जनुकाचा. काळं रंगद्रव्य अंगभर पसरू द्यायचं की आयाळ, शेपटी, पाय यांच्यापुरतं ठेवायचं, हे ते ठरवतं. रोखलं तर कुमैत, मोकळं सोडलं तर मुश्की. यांच्यावर आणखी जनुकं येऊन रंग फिका करतात. ‘क्रीम’ नावाच्या बदलाची एक प्रत सुरंग घोड्याला सोनेरी अंग आणि पांढरी आयाळ देते. दोन प्रती आल्या तर घोडा जवळपास पांढरा, कातडी गुलाबी आणि डोळे निळे होतात.

पांढरे होत जाणारे घोडे

आता त्या अथेन्सच्या दोन घोड्यांकडे परत येऊ. ते पांढरे जन्मलेले नव्हते. सब्जा घोड्याचं शिंगरू जन्मतः काळं, तपकिरी किंवा तांबडं असतं. मग वर्षागणिक केस पिकत जातात. आधी राखी, मग अंगावर रुपयाएवढे ठिपके, आणि आठ-दहा वर्षांचा होईपर्यंत जवळजवळ शुभ्र. कातडी मात्र काळीच राहते. नाकपुड्या आणि डोळ्यांभोवती पाहिलं की ती दिसते. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वशाळेतले लिपिझानर घोडे याच वाटेने पांढरे होतात. सब्जा घोड्याच्या आईबापांपैकी निदान एक सब्जा असतोच. पिढी वगळून हा रंग उगवत नाही.

हे का होतं ते २००८ मध्ये कळलं. ‘एसटीएक्स१७’ नावाच्या जनुकातला एक तुकडा या घोड्यांमध्ये जास्तीचा असतो. रंग बनवणाऱ्या पेशी त्यामुळे घाईने वाढतात. केसातल्या पेशी लवकर संपतात, म्हणून केस पांढरे होतात. कातडीतल्या पेशी मात्र वाढतच राहतात, आणि इथे घोड्याच्या मालकाने कान टवकारले पाहिजेत. पंधरा वर्षांवरच्या सब्जा घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांना मेलॅनोमाच्या गाठी होतात. बहुतेक शेपटीखाली, गुदद्वाराभोवती किंवा जबड्यामागे. यातल्या पुष्कळ गाठी वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. काही मात्र पसरतात किंवा शेणाची वाट अडवतात. २०२४ मध्ये असंही स्पष्ट झालं, की त्या तुकड्याच्या दोन प्रती असलेले घोडे सावकाश पिकतात, तर तीन प्रती असलेले लवकर शुभ्र होतात, आणि मेलॅनोमाचा धोका या दुसऱ्या प्रकाराशी जोडलेला आहे. लवकर पांढरा होणारा घोडा बाजारात जास्त देखणा ठरतो, ही यातली पंचाईत.

इव्हेंटिंगचा घोडा कसलेला होतो तो दहा-बारा वर्षांचा झाल्यावर, आणि सतरापर्यंतही वरच्या पातळीवर खेळतो. म्हणजे उमेदीची वर्षं आणि गाठींची वर्षं एकमेकांना लागूनच येतात. सब्जा घोडा घेऊ नये असा याचा अर्थ नाही. खरारा करताना रोज शेपटी उचलून पाहावी आणि खोगिराखाली किंवा लगामाच्या पट्ट्याखाली गाठ लागली तर पशुवैद्याला दाखवावी, एवढाच याचा अर्थ.

चट्ट्यांमागचं मरण

मेलॅनोमा तरी म्हातारपणी येतो. अबलख घोड्यांच्या एका जातीच्या चट्ट्यांमध्ये मात्र मरण जन्माबरोबरच येतं.

अबलखपणा एकाच कारणाने येत नाही. निरनिराळ्या जनुकांमुळे निरनिराळे चट्टे उमटतात आणि त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात. पण अमेरिकेत पेंट जातीच्या घोड्यांत ‘फ्रेम’ म्हणून ओळखला जाणारा एक नमुना आहे. यात कुशीवर आडवे पांढरे चट्टे असतात, पाठीचा कणा मात्र रंगीतच राहतो, आणि पुष्कळदा डोळे निळे असतात. ‘ईडीएनआरबी’ जनुकातल्या बदलाची एक प्रत असली की असा देखणा, पूर्ण निरोगी घोडा तयार होतो. असे दोघे एकत्र आणले तर चारातल्या एका शिंगराला दोन प्रती मिळण्याची शक्यता असते. ते शिंगरू पूर्ण पांढरं जन्मतं. उठतं, दूध पितं. मग पोट फुगू लागतं. गर्भात रंगाच्या पेशी आणि आतड्याला हलवणाऱ्या चेतापेशी एकाच ठिकाणाहून निघून शरीरभर जातात. या शिंगरात त्या पोचलेल्याच नसतात. मोठं आतडं हलत नाही. यावर इलाज नाही. तडफड वाचवण्यासाठी पहिल्या एक-दोन दिवसांतच त्याला दयामरण देतात.

कारण १९९८ मध्ये सापडलं आणि तेव्हापासून हे टाळणं सोपं झालं आहे. आयाळीचे मुळासकट उपटलेले थोडे केस प्रयोगशाळेत दिले की घोडा वाहक आहे की नाही ते कळतं. डोळ्यांना ते नेहमी कळत नाही, कारण काही वाहकांच्या अंगावर चट्टे नगण्य असतात. दोन वाहकांची जोडी लावायची नाही, एवढं पाळलं की असं शिंगरू जन्मत नाही. पण प्रत्येक पांढरं शिंगरू मरतंच असंही नाही. दुसऱ्या जनुकांमुळे पांढरी जन्मलेली शिंगरं ठणठणीत वाढतात. नुसता रंग पाहून घाबरून शिंगराला मारून टाकणं ही तितकीच मोठी चूक.

चित्त्यासारख्या ठिपक्यांच्या घोड्यांची गोष्ट डोळ्यांशी निगडित आहे. अ‍ॅपालूसा, क्नाबस्ट्रुपर या जातींत ठिपके देणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आल्या तर घोडा जन्मापासून रातांधळा असतो. दिवसा तो नीट पाहतो, म्हणून मालकाच्या लक्षात यायला उशीर होतो. तिन्हीसांजेला बिचकणारा असा घोडा हट्टी नसतो, त्याला दिसतच नसतं.

घोड्याला कोणता रंग दिसतो?

माणसं घोड्याच्या रंगाची इतकी चर्चा करतात, पण उडी मारताना कामाचा असतो तो घोड्याला दिसणारा रंग. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, घोड्याच्या डोळ्यात दोन प्रकारच्या. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात. तांबडा, नारिंगी आणि हिरवा यांच्यातला फरक मात्र त्याला फारसा कळत नाही. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत कित्येक वर्षं कुंपणांच्या फळ्या नारिंगी असत, कारण हिरव्या गवतावर त्या माणसाला ठळक दिसत. एक्सटर विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्याच्या नजरेने हिशेब मांडला, तेव्हा त्या फळ्या त्याला गवतातच मिसळून गेल्यासारख्या दिसतात असं लक्षात आलं. आता तिथे पांढऱ्या फळ्या वापरतात. क्रॉस-कंट्रीत अडथळ्याच्या उजवीकडे तांबडं आणि डावीकडे पांढरं निशाण असतं. ती निशाणं स्वारासाठी आहेत. घोडा पाहतो ते ओंडक्याची कड, सावली आणि पलीकडची जमीन.

कागदावर उरणारा रंग

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत घोड्यालाही पारपत्र लागतं, आणि अखेर रंगाची नोंद होते ती इथे. पारपत्रात घोड्याची बाह्याकृती छापलेली असते. तिच्यावर पशुवैद्य पांढऱ्या खुणा तांबड्या शाईने आखतो आणि भोवरे काळ्या फुलीने दाखवतो. सारंगखेड्याच्या बाजारात नशीब सांगणारे तेच भोवरे इथे ओळख पटवण्याच्या कामी येतात, कारण ते जन्मभर जागा बदलत नाहीत.

सब्जा घोड्यांच्या बाबतीत त्यांचं महत्त्व आणखी वाढतं. शिंगरू काळं असताना कपाळावर आखलेली चांदणी दहा वर्षांनी पांढऱ्या अंगात हरवून गेलेली असते आणि ती फक्त कागदावरच सापडते. मग स्पर्धेच्या फाटकावर पशुवैद्य मानेतली मायक्रोचिप यंत्राने तपासतो, कपाळावरचे आणि मानेवरचे भोवरे नकाशाशी ताडून पाहतो आणि घोड्याला आत सोडतो.